भरलेला बिन धावतो, रिकामा का अडतो?

चाकण, तळवडे किंवा भोसरीतल्या एखाद्या असेंब्ली लाइनशेजारी उतरत्या रोलरचा एक रॅक हमखास दिसतो. स्टोअरचा माणूस मागच्या बाजूने सुट्या भागांनी भरलेला प्लास्टिकचा बिन त्यावर ठेवतो आणि तो बिन घरंगळत ऑपरेटरच्या हाताशी येऊन थांबतो. त्याला ना मोटर लागते, ना वीज. आधी आलेला माल आधी वापरला जावा म्हणून केलेली ही रचना शॉपफ्लोअरवर ‘फिफो रॅक’ म्हणून ओळखली जाते. रिकामे बिन वरच्या कप्प्यातून, उलट्या उताराने स्टोअरकडे परत जातात. या परतीच्या कप्प्याचा उतार बहुधा थोडा जास्त ठेवावा लागतो. कारण विचारले तर लाइनवरचा कुणीही सांगेल की रिकामा बिन हलका असतो, म्हणून तो मध्येच अडतो.

आता अकरावीचे भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडा. उतरणीवरून घसरणाऱ्या वस्तूचे त्वरण तिच्या वस्तुमानावर अवलंबून नसते, असे तिथे स्वच्छ सिद्ध केलेले असते. म्हणजे भरलेला आणि रिकामा बिन सारख्याच वेगाने खाली यायला हवेत. पुस्तक चूक की लाइनवरचा माणूस चूक? दोघेही बरोबर आहेत. ते कसे, हे ज्याला नीट सांगता आले त्याला उतरणीचे जवळपास प्रत्येक गणित सुटते.

वजनाचे दोन तुकडे

उतरणीच्या गणिताची भीती बसते ती आपण अक्ष आडवे-उभे धरतो म्हणून. जमीन आडवी, वजन सरळ खाली, आणि वस्तू मात्र तिरकी जाते. मग प्रत्येक बल दोन्ही दिशांना फोडत बसावे लागते. त्याऐवजी कागदच तिरका करावा. एक अक्ष उताराच्या दिशेने आणि दुसरा उताराला काटकोनात घ्यावा. मग तिरके उरते ते एकटे वजन, आणि तेवढेच फोडायचे.

वजनाचा एक तुकडा वस्तूला उतारावरून खाली ओढतो. तो वजन गुणिले कोनाचा साइन इतका असतो. दुसरा तुकडा वस्तूला पृष्ठभागावर दाबून धरतो, तो वजन गुणिले कोसाइन इतका. साइन कुठे आणि कोसाइन कुठे, याचा गोंधळ परीक्षेत सर्वाधिक होतो. तो टाळायला पाठांतराची गरज नाही, दोन टोके तपासली की पुरे. उतार शून्य अंश असेल तर ओढ शून्य हवी, आणि शून्याचा साइन शून्य असतो. उतार ९० अंश, म्हणजे सरळ भिंत असेल तर दाब शून्य हवा, आणि ९० अंशांचा कोसाइन शून्य असतो. उत्तर या दोन्ही टोकांना जुळले नाही, तर मधल्या कोनांनाही ते चूकच असणार.

उतरण गुळगुळीत आहे असे धरले तर वस्तू हलवणारे बल एकच, ते म्हणजे खाली ओढणारा तुकडा. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हा न्यूटनचा नियम. डाव्या बाजूला वस्तुमान, उजव्या बाजूला वस्तुमान. दोन्ही कटतात आणि त्वरण उरते ९.८ गुणिले साइन. गॅलिलिओने न्यूटनच्या आधीच हे प्रयोगाने पकडले होते. सरळ खाली पडणारी वस्तू त्याच्या काळातल्या साधनांनी मोजता येण्यापलीकडे वेगवान होती. म्हणून त्याने लाकडी फळीत खोबण कोरली, ती थोडी कलती ठेवली, तिच्यातून काशाचा गोळा सोडला आणि भांड्यातून गळणारे पाणी तोलून वेळ मोजली. दुप्पट वेळेत चौपट अंतर, हा नियम त्याने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात मांडला. त्याच्यासाठी उतरण म्हणजे गुरुत्वाकर्षणाची धार बोथट करून ते सावकाश तपासण्याचे उपकरण होते.

तेल, गंज आणि कोन

शॉपफ्लोअरवर गुळगुळीत उतरण मिळत नाही. तिथे घर्षण असते, आणि ते दाबावर, म्हणजे कोसाइनच्या तुकड्यावर पोसले जाते. घर्षण म्हणजे घर्षणांक गुणिले दाब. ते ओढीतून वजा केले की त्वरण येते ९.८ गुणिले (साइन वजा घर्षणांक गुणिले कोसाइन). दाबातही वजन आहे, त्यामुळे घर्षण धरूनही वस्तुमान कटते.

आकड्यांनी पाहू. प्रेसमधून पडणारा भाग ३० अंशांच्या, दोन मीटर लांबीच्या च्यूटवरून ट्रॉलीत जातो. गतिक घर्षणांक ०.३ धरू. ३० अंशांचा साइन ०.५ आणि कोसाइन ०.८६६. घर्षणाचा वाटा ०.३ गुणिले ०.८६६, म्हणजे ०.२६. उरले ०.२४. त्याला ९.८ने गुणले की त्वरण सुमारे २.३५ मीटर प्रतिसेकंद वर्ग येते. दोन मीटर गेल्यावर वेग सेकंदाला ३.०७ मीटर, म्हणजे ताशी ११ किलोमीटर. घर्षण नसते तर तो सेकंदाला ४.४३ मीटर झाला असता. भाग पाच किलोचा असो वा पन्नास किलोचा, गणितात कुठेही त्याचे वजन लागले नाही.

घर्षणांक मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. पत्र्यावर भाग ठेवा आणि पत्र्याचे एक टोक हळूहळू उचला. भाग सुटतो त्या क्षणी टोकाची उंची आणि पायाचे आडवे अंतर मोजा. उंचीला पायाने भागले की स्थितिक घर्षणांक मिळाला. तोच त्या कोनाचा टॅन. कोरड्या पोलादावर कोरडे पोलाद असेल तर पाठ्यपुस्तकातला आकडा ०.७४ असतो, म्हणजे भाग साडेछत्तीस अंशांच्या आसपास सुटेल. मध्ये तेलाचा थर आला की घर्षणांक ०.१च्या आसपास उतरतो आणि सहा अंशही पुरतात. धुऊन वाळवलेला भाग च्यूटवर चिकटून बसतो आणि प्रेसमधून तेलकट आलेला तोच भाग सुसाट सुटतो, त्याचे कारण एवढेच.

च्यूट बनवणाऱ्या फॅब्रिकेटरला इथे एक पेच सोडवावा लागतो. थांबलेली वस्तू सुटायला जेवढे घर्षण मोडावे लागते, त्यापेक्षा सुटलेल्या वस्तूवरचे घर्षण कमी असते. कोरड्या पोलादाचा गतिक घर्षणांक ०.५७ आहे. भाग नक्की सुटावा म्हणून ३७ अंशांचा उतार दिला, तर सुटल्यावर त्याला १.४४ मीटर प्रतिसेकंद वर्ग त्वरण मिळते आणि दोन मीटरमध्ये तो सेकंदाला २.४ मीटर वेगाने आदळतो. उतार कमी केला तर भाग सुटणारच नाही. म्हणून अशा ठिकाणी घसरणे सोडून गडगडण्याकडे वळतात आणि रोलर लावतात.

गडगडणाऱ्याचे हिशेब वेगळे

गडगडणाऱ्या वस्तूला पुढे जाता जाता स्वतःभोवती फिरायचेही असते. उंचीतून मिळालेली ऊर्जा दोन खात्यांत वाटली जाते. त्यामुळे तिचे त्वरण त्याच गुळगुळीत उतरणीवरून घसरणाऱ्या वस्तूपेक्षा कमी पडते. भरीव गोळ्याचे त्वरण ९.८ गुणिले साइनच्या पाच-सप्तमांश, भरीव शाफ्टचे दोन-तृतीयांश आणि पातळ पाइपाचे निम्मे. बेअरिंगच्या कारखान्यात कड्या एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर उतरत्या खाचेतून गडगडत जातात. त्यांतही लहान कडी आणि मोठी कडी, हलकी आणि जड असा भेद राहत नाही. वस्तुमान कटते, त्रिज्याही कटते. उरतो तो फक्त आकार, म्हणजे वस्तूचा भार मध्याजवळ आहे की कडेला. भरीव शाफ्ट आणि पोकळ बुश एकाच उतारावर एकत्र सोडले तर शाफ्ट आधी पोहोचतो.

मग अडलेल्या बिनाचे काय?

इतक्या वेळा वस्तुमान कटले, तरी रिकामा बिन अडतोच. आतापर्यंत ओढणारे बलही वजनातून येत होते आणि अडवणारेही. दोघेही वजनाशी बांधलेले असतील तर वजन दुप्पट केल्याने भांडणाचा निकाल बदलत नाही. रोलरमध्ये मात्र अडवणारा आणखी एक असतो. रोलरच्या बेअरिंगमधले ग्रीस, साचलेली धूळ, किंचित वाकलेली दांडी यांचा विरोध बिन भरलेला आहे की रिकामा, हे फारसे पाहत नाही. तो जवळजवळ ठरलेला असतो.

उदाहरणासाठी आकडे घेऊ. उतार चार टक्के, म्हणजे मीटरला चार सेंटीमीटर. भरलेला बिन २० किलोचा, रिकामा दोन किलोचा. वजनाशी बांधलेला विरोध वजनाच्या दोन टक्के आणि ग्रीस-धुळीचा ठरलेला विरोध एक न्यूटन धरू. भरलेल्या बिनाला खाली ओढणारे बल ७.८ न्यूटन, अडवणारे ३.९ अधिक १, म्हणजे ४.९. बिन निघाला. रिकाम्याला ओढणारे बल ०.७८ न्यूटन, अडवणारे ०.३९ अधिक १, म्हणजे १.३९. बिन अडला. तो निघायला उतार सात टक्क्यांच्या पुढे न्यावा लागेल. लाइनवरच्या माणसाने हे गणित न मांडता, रॅकचा बोल्ट एक भोक वर सरकवून सोडवलेले असते. पुस्तकातले उत्तरही चुकलेले नाही. त्यात हा एक न्यूटनचा विरोध धरलेलाच नव्हता.

बिन पुढे थांबतो ते स्टॉपरवर. तिथेही वजन परत येते. वर काढलेल्या च्यूटच्या गणितात पाच किलोचा आणि पन्नास किलोचा भाग एकाच वेगाने खाली पोहोचले. पण पहिल्याची गतिज ऊर्जा साडेतेवीस ज्यूल आणि दुसऱ्याची २३५. स्टॉपरचे रबर किंवा स्प्रिंग भागाच्या वजनाप्रमाणे आपोआप जाड होत नाही. वेग काढताना वजन लागत नाही आणि स्टॉपर निवडताना वजनाशिवाय चालत नाही.

चढावरचा हँडब्रेक

हाच भेद वाहनांच्या नियमांतही दिसतो. ट्रक आणि बस यांच्या ब्रेकसाठी असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १३नुसार, पूर्ण भरलेले वाहन १८ टक्के उतारावर, तोंड चढाकडे असो वा उताराकडे, केवळ पार्किंग ब्रेकवर उभे राहिले पाहिजे. १८ टक्के म्हणजे सुमारे १०.२ अंश. पुण्यात वाहनांच्या अशा कसोट्यांचे काम करणाऱ्या जुन्या संस्था आहेत. १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआयचे मुख्य ठाणे कोथरूडच्या टेकडीवर आहे आणि तिचे एक केंद्र चाकणला आहे. भोसरीला पुणे-नाशिक रस्त्यावर सीआयआरटी ही संस्था १९६७ पासून आहे.

नियम किलोंऐवजी टक्क्यांत लिहिलेला आहे, कारण टायर रस्त्यावर घसरेल की नाही हे वजनावर ठरत नाही. समजा पार्किंग ब्रेक फक्त मागच्या चाकांवर आहे आणि एकूण दाबाचा ६० टक्के वाटा त्या चाकांवर येतो. मग टायर आणि रस्ता यांच्यात किमान ०.३ घर्षणांक लागतो. वाहन दहा टनांचे असो वा वीस टनांचे, हा आकडा तोच. इंजिन पुढे असलेली मोकळी गाडी उताराकडे तोंड करून उभी केली आणि मागच्या चाकांवर ३५ टक्केच दाब राहिला, तर मात्र ०.५१ घर्षणांक लागेल. ओल्या, गुळगुळीत झालेल्या रस्त्यावर तेवढा मिळेलच याची खात्री नसते.

त्याच नियमात ‘पूर्ण भरलेले वाहन’ हे शब्द कशाला? टायरची पकड वजनाबरोबर वाढते, पण ब्रेकच्या लायनिंगची, स्प्रिंगची किंवा केबलची पकड वाढत नाही. तिथे वजन कटत नाही, म्हणून वाहन भरूनच तपासावे लागते. नियम लिहिणाऱ्यांनी दोन्ही प्रश्न एकाच वाक्यात बसवले आहेत.

घाट उतरताना

पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा माल मुंबईकडे जातो तो बोरघाटातून, आणि या पट्ट्यातली सर्वात मोठी उतरण तीच. १८६३ साली खुल्या झालेल्या रेल्वेमार्गाचा घाटातला सर्वात कडक चढ ३७ला १ आहे. म्हणजे जेमतेम दीड अंश, डोळ्याला जाणवणारही नाही असा. रस्त्यावर कुणी त्याला घाट म्हणणार नाही. पण पोलादी चाक पोलादी रुळावर गडगडते तेव्हा त्याला होणारा विरोध वजनाच्या दोन-सहस्रांशाच्या आसपास असतो, आणि उताराची ओढ २७ सहस्रांश. हजार टनांची गाडी २७ टनांच्या बलाने खाली ओढली जाते. म्हणूनच मुंबईहून येणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने लावतात. याच कारणाने रेल्वेच्या नियमांत स्थानकाच्या यार्डाचा उतार ४००ला १ पेक्षा कडक चालत नाही. नाहीतर उभे डबे आपणहून निघू लागतील.

रस्त्यावर ४० टनांचा भरलेला ट्रेलर घाटातून सुमारे ५०० मीटर उंची उतरतो असे धरू. वेग न वाढता तो खाली पोहोचवायचा तर वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची, इतकी सारी ऊर्जा वाटेतच जिरवावी लागते. ती होते १९ कोटी ६० लाख ज्यूल. एवढ्या ऊर्जेत २५ अंशांचे सुमारे ६२५ लिटर पाणी उकळीला येईल. १,२०० किलोच्या मोटारीला हेच काम ५९ लाख ज्यूलचे. उतार तोच आणि त्वरणाचे सूत्रही तेच, पण ब्रेकड्रमवर येणारी उष्णता तेहेतीस पट.

ड्रमची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता ठरलेली असते. ४० टनांचा ट्रेलर पाच टक्के उतारावर ताशी ४० किलोमीटरने जात असेल, तर सुमारे २१८ किलोवॅट, म्हणजे जवळजवळ २९० अश्वशक्ती जिरवावी लागते. टायर आणि हवा त्यातला काही वाटा उचलतात, बाकीचा ब्रेक आणि इंजिन यांच्यात वाटायचा असतो. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर इंजिन तिला मागे खेचते. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडली की सगळा भार ब्रेकवर येतो. लायनिंग तापते, तिचा घर्षणांक उतरतो, आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही.

याच औद्योगिक पट्ट्याच्या बाजूने जाणाऱ्या महामार्गावर, कात्रजचा नवा बोगदा ते नवले पूल हा उतार पुणेकरांना चांगला ठाऊक आहे. २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री तिथे नियंत्रण सुटलेल्या ट्रकमुळे झालेल्या अपघातात अनेक वाहनांचे नुकसान झाले. घाटाच्या तुलनेत हा उतार साधा दिसतो. पण भरलेल्या ट्रकच्या टायरांचा विरोध वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी असतो. शंभर मीटरला एक मीटर उतारही न्यूट्रलवरच्या ट्रकला पळवायला पुरतो. वेग वाढला की अडवायला हवाही येते, पण हवेचा विरोध गाडीच्या आकारावर ठरतो, वजनावर नाही. म्हणून भरलेला ट्रक त्याच आकाराच्या रिकाम्या ट्रकपेक्षा जास्त वेग गाठतो. भरलेल्या बिनाचे आणि त्याचे कारण एकच.

ब्रेक हरले तर उपाय काय? रेल्वेने घाटात कॅच सायडिंग बांधल्या. नियंत्रण सुटलेली गाडी मुख्य मार्गावरून वळवून चढत्या फाट्यावर घ्यायची आणि तिचा वेग उंचीत खर्च होऊ द्यायचा. ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने आलेली गाडी केवळ चढाने थांबवायची तर किती उंची हवी? वेगाचा वर्ग भागिले १९.६, म्हणजे २०.४ मीटर. या उत्तरात गाडीचे वजन नाही. दहा डब्यांची असो की चाळीस डब्यांची, उंची तीच. थांबवण्याचे काम गुरुत्वाकर्षणाकडे सोपवले, आणि ओढणारा व अडवणारा पुन्हा एकाच वजनाशी बांधले गेले.

गणित मांडण्याचा क्रम

या सगळ्यातून विद्यार्थ्याने आणि शॉपफ्लोअरवरच्या इंजिनिअरने घ्यावा असा क्रम छोटा आहे. आधी वस्तू एकटी काढून तिच्यावरची सगळी बले दाखवा. अक्ष उताराला धरून घ्या. घर्षणाची दिशा हालचालीच्या उलट असते. टेम्पोत फळीवरून दुचाकी वर ढकलत असाल तर घर्षणही खालीच ओढते. थांबलेल्या वस्तूवरचे घर्षण लगेच घर्षणांक गुणिले दाब असे धरू नका. ती कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्षात ते वस्तू थांबवायला लागते तेवढेच असते.

मग प्रत्येक बलाला एक प्रश्न विचारा: वजन दुप्पट केले तर तू दुप्पट होशील का? सगळ्यांचे उत्तर ‘हो’ आले तर वस्तुमान कटणार, आणि ते न दिलेले गणितही सुटेल. एकाचे जरी उत्तर ‘नाही’ आले, मग ते ग्रीस असो, स्प्रिंग, हवा किंवा तापलेला ब्रेक, तर वस्तुमान मोजल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. परीक्षेत या चुकीचे दोन गुण जातात. रॅकचा उतार ठरवताना, स्टॉपर निवडताना किंवा भरलेल्या ट्रेलरचा गिअर निवडताना तीच चूक बरीच महाग पडते.